राज्यात सरासरीएवढा पाऊस झाला, मग आमच्या विहिरीत पाणी का नाही? आकडे वाचायची सोपी ओळख

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की बातमी येते, यंदा राज्यात सरासरीच्या अमुक टक्के पाऊस झाला. आणि त्याच आठवड्यात कुठल्यातरी तालुक्यात टँकर बंद झालेले नाहीत अशीही बातमी असते. मग चावडीवर, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे एकच सूर, की हे आकडे खोटे आहेत. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा आकडा खरा असतो, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं. "राज्यावर एकूण किती पाणी पडलं" हा एक प्रश्न आणि "माझ्या रानात, मला हवं तेव्हा, किती पडलं" हा दुसरा, आणि दोन्हींना एकच सरासरी पुरत नाही.

स्टॅटिस्टिक्सच्या अगदी पहिल्या धड्यात जे शिकवतात ना, डेटा कसा मांडायचा, मधला आकडा कसा काढायचा, पसारा कसा मोजायचा, ते सगळं इथे पावसावरच समजून घेऊ. पाऊस सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि त्याचे आकडे असे विचित्र वागतात की सगळे मुद्दे आपोआप समोर येतात.

आधी बघा हातात काय आहे

सगळे आकडे सारखे नसतात. पावसाचे मिलिमीटर हे मोजमाप आहे, ७.४ असू शकतं, ७.६ असू शकतं, त्यांची बेरीज करा, सरासरी काढा, सगळं चालतं. पावसाचे दिवस ही मोजणी आहे, १२ किंवा १३, साडेबारा दिवस नसतात. (हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो दिवस पावसाचा धरतात, नुसती भुरभुर झाली तर नाही.) "तुटीचा", "सरासरीइतका", "अधिक" ही नावं आहेत, पण त्यांना क्रम आहे. आणि कापूस, सोयाबीन, तूर ही नुसती नावं, त्यांना क्रमही नाही. आता गट नंबर घ्या. तो दिसायला आकडा आहे पण खरं तर नाव आहे, गट नंबर २१४ आणि २१६ ची सरासरी २१५ काढून काहीही हाती लागत नाही. हे ऐकायला फारच सोपं वाटतं पण एक्सेलमध्ये असले कॉलम बिनदिक्कत सरासरी काढून टाकलेले असतात, कारण कॉम्प्युटरला काय, त्याला आकडा दिसला की तो बेरीज करतो.

हे आधी का बघायचं, तर पुढे कुठलं चित्र काढायचं ते यावरच ठरतं. नावांचा डेटा असेल तर स्तंभालेख, म्हणजे बार चार्ट, प्रत्येक पिकाचा एक खांब, मध्ये मोकळी जागा, आणि खांब कुठल्या क्रमाने लावायचे ते तुम्ही ठरवा. मोजमापाचा डेटा असेल तर हिस्टोग्राम, शाळेच्या पुस्तकात ज्याला आयतालेख म्हणतात तो, त्यात खांब एकमेकांना चिकटून असतात कारण खाली सलग मोजपट्टी असते. काळाबरोबर काय बदललं ते दाखवायचं असेल तर रेषा. पाय चार्ट म्हणजे वृत्तालेख मी शक्यतो टाळतो, दोन-तीन तुकडे असतील तर ठीक, पण सात-आठ तुकडे झाले की २२ टक्के मोठा का २५ टक्के मोठा हे डोळ्याला कळत नाही, आणि जे डोळ्याला कळत नाही त्याचं चित्र काढून उपयोग काय.

अकरा वर्षांचा एक नमुना

आता एक उदाहरण घेऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत, कुठल्याही खऱ्या गावाचे नाहीत. समजा एका कोरडवाहू गावातला ११ वर्षांचा जुलै महिन्याचा पाऊस मिमीमध्ये, लहानापासून मोठ्यापर्यंत लावून, असा आहे: १३२, १४८, १५५, १६०, १६८, १७१, १७५, १८३, १९०, २०४ आणि ५१४.

सगळ्यांची बेरीज २२००, भागिले ११, सरासरी आली बरोबर २००. आता ही २०० घेऊन परत यादी बघा. २०० पेक्षा जास्त पाऊस किती वर्षं पडला? दोनच वर्षं, २०४ आणि ५१४. उरलेली ९ वर्षं "सरासरीपेक्षा कमी पाऊस" अशीच नोंदली जाणार. म्हणजे या गावातला माणूस म्हणाला की आमच्याकडे बहुतेक वर्षी सरासरीपेक्षा कमीच पडतो तर तो रडगाणं गात नाहीये, तो अगदी बरोबर बोलतोय! आणि हवामान केंद्रातला माणूस म्हणाला की सरासरी २०० आहे तर तोही बरोबर.

हे असं का होतं, तर सरासरी प्रत्येक आकड्याच्या वजनाने हलते. ५१४ एकटाच इतका लांब बसलाय की तो तोल स्वतःकडे ओढून घेतो. तो काढून टाकला तर उरलेल्या १० वर्षांची सरासरी १६८.६ येते. एका वर्षाने ३१ मिमीचा फरक पाडला.

याउलट मध्यक, ज्याला सगळे मेडियन म्हणतात, तो म्हणजे रांगेतला मधला. ११ आकडे आहेत तर सहावा, म्हणजे १७१. पाच वर्षं याच्या खाली, पाच याच्या वर. ५१४ च्या जागी ३०० असता किंवा ९०० असता तरी मध्यक १७१ च राहिला असता, कारण त्याला फक्त एवढंच कळतं की तो आकडा वरच्या बाजूला आहे, किती वर आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ५१४ पूर्ण काढून टाकला तर मध्यक १६९.५ होतो. दीड मिमीचा फरक, बस.

मग सरासरी वाईट आणि मध्यक चांगला का? असं काही लोक शिकवतात आणि मला ते पटत नाही. तुम्हाला गावतळ्यात ११ वर्षांत एकूण किती पाणी आलं याचा हिशोब लावायचा असेल तर सरासरीच लागेल, कारण सरासरी गुणिले वर्षं म्हणजे एकूण, हे मध्यकाबरोबर जमत नाही. पण "साधारण जुलैत काय अपेक्षा ठेवू" असं विचारत असाल तर मध्यक जास्त प्रामाणिक उत्तर देतो. माझी सवय अशी की दोन्ही काढायचे, आणि त्यांच्यात मोठं अंतर दिसलं की थांबायचं आणि डेटा बघायचा, कारण ते अंतरच सांगतं की एका बाजूला काही आकडे लांब गेलेत, म्हणजे शेपूट आहे. बहुलक म्हणजे मोड, सगळ्यात जास्त वेळा येणारा, हा मिलिमीटरसारख्या मोजमापात फारसा कामाचा नाही, इथे तर एकही आकडा दोनदा आलेला नाही. नावांच्या डेटामध्ये मात्र तोच एक उरतो, तालुक्यात सगळ्यात जास्त पेरलेलं पीक कुठलं, सोयाबीन, तो झाला बहुलक.

चित्र काढल्याशिवाय पुढे जाऊ नका

आता हेच ११ आकडे कागदावर मांडू. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे आकड्याचा शेवटचा अंक वेगळा करायचा आणि उरलेला डावीकडे लिहायचा. जॉन टुकी नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने ही पद्धत लोकप्रिय केली, पेन-पेन्सिलवाल्या माणसासाठी याच्यापेक्षा पटकन होणारं चित्र नाही.

१३ | २
१४ | ८
१५ | ५
१६ | ० ८
१७ | १ ५
१८ | ३
१९ | ०
२० | ४
…
५१ | ४

इथे मी जागा वाचवायला तीन टिंबं टाकली आहेत पण तुम्ही कागदावर काढाल तेव्हा २१ पासून ५० पर्यंतच्या सगळ्या ओळी रिकाम्या का होईना पण लिहा, ती पोकळी दिसणं हाच तर मुद्दा आहे.

हिस्टोग्राम काढायचा तर गट पाडावे लागतात. २० मिमीचे गट पाडले की १२० ते १४० मध्ये १ वर्ष, १४० ते १६० मध्ये २, १६० ते १८० मध्ये ४, १८० ते २०० मध्ये २, २०० ते २२० मध्ये १, मग लांबलचक रिकामी जागा आणि पार तिकडे ५०० च्या पुढे १. (काठावरचा १६० कुठे टाकायचा हे आधी ठरवून घ्या, मी वरच्या गटात टाकलाय.) एक छान छोटी टेकडी आणि लांबवर एक एकटा खांब, बघितल्या बघितल्या कळतं. आता हाच डेटा २०० मिमीच्या गटात टाका: ० ते २०० मध्ये ९, २०० ते ४०० मध्ये १, ४०० ते ६०० मध्ये १. टेकडी गायब, पोकळी गायब, वाटतं की नुसता एक उतार आहे. आकडे तेच, गटाची रुंदी बदलली आणि गोष्टच बदलली. म्हणून एकाच रुंदीवर विश्वास ठेवायचा नाही, दोन-तीन रुंद्या करून बघायच्या, सॉफ्टवेअर स्वतःहून जी देतं ती फक्त सुरुवात असते.

चित्रात काय शोधायचं? टेकडी एक आहे का दोन, ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का एका बाजूला लांब शेपूट आहे, आणि कोणी एकटा लांब बसलाय का. रोजच्या पावसाचा हिस्टोग्राम काढला तर तो कायम एकाच प्रकारचा दिसतो, शून्याजवळ प्रचंड उंच खांब, मग भराभर उतार, आणि उजवीकडे लांब बारीक शेपूट. कोरडे दिवस खूप, हलक्या पावसाचे थोडे, आणि धो धो पावसाचे अगदी मोजके, पण वर्षाच्या एकूण पाण्यात मोठा वाटा त्या मोजक्या दिवसांचाच असतो. असल्या आकाराच्या डेटाला रोजची सरासरी लावणं म्हणजे कुठल्याच दिवसाचं वर्णन न करणं.

आणि दोन टेकड्या दिसल्या तर बहुतेक वेळा अर्थ असा की दोन वेगळे गट एकत्र केले गेलेत. सातारा जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि पूर्वेला माण तालुक्यात ५०० च्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक, कारण सह्याद्रीचा माथा ओलांडला की ढग रिकामे झालेले असतात. या जिल्ह्याची एकच सरासरी काढून ती ना महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्याला लागू पडते ना दहिवडीच्या मेंढपाळाला. इथे मध्यकही वाचवू शकत नाही, इथे एकच इलाज, गट वेगळे करा आणि दोन चित्रं काढा.

राज्याचंही तेच. कोकणात पावसाळ्यात साधारण ३००० मिमीच्या आसपास आणि मराठवाड्यात साडेसहाशे-सातशे. समजा असे दोनच भाग आहेत, एकाची सरासरी ३००० आणि दुसऱ्याची ७००. एका वर्षी पहिल्या भागात ३३०० पडला आणि दुसऱ्यात फक्त ४९०, म्हणजे तिथे ३० टक्के तूट, चांगलाच दुष्काळ. नुसती दोघांची सरासरी काढली तर नेहमीचे १८५० आणि यंदाचे १८९५, म्हणजे १०२ टक्के, सगळं उत्तम! आता कोणी म्हणेल की क्षेत्रफळ धरा, मराठवाडा कोकणाच्या साधारण दुप्पट आहे. बरोबर आहे, हवामान खातं तसंच करतं, प्रत्येक भागाला त्याच्या क्षेत्रफळाएवढं वजन देतं, याला भारित सरासरी म्हणतात. तसं केलं तर नेहमीचे १४६७ आणि यंदाचे १४२७, म्हणजे ९७ टक्के. थोडं खाली आलं पण तरी नियमाप्रमाणे "सरासरीइतका"च, कारण राज्य किंवा जिल्ह्यासाठी उणे १९ ते अधिक १९ टक्के हा सगळा पट्टा सरासरीइतकाच मानतात. उणे २० पासून तुटीचा, उणे ६० पासून मोठ्या तुटीचा. कोकणातले ३०० जादा मिमी समुद्राला गेले, ते काही लातूरला आले नाहीत, पण हिशोबात त्यांनी तिथली तूट भरून काढली.

पसारा

मधला आकडा सांगितला की लोकांना वाटतं काम झालं. नाही, अर्धं झालं. दोन गावं घ्या, परत माझीच बनवलेली, दोन्हीकडे जूनमध्ये १२० मिमी. पहिल्या गावात १२ दिवस रोज १० मिमी. दुसऱ्या गावात एका रात्रीत ९५ आणि मग तीन दिवस मिळून २५, बाकी महिना ऊन. कृषी विद्यापीठं सांगतात की ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. दुसऱ्या गावात एका रात्रीतच तो आकडा जवळजवळ पूर्ण झाला, लोकांनी पेरलं, आणि पुढे खंड पडला तर दुबार पेरणी. शिवाय महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की ती अतिवृष्टी, त्यामुळे तिथे वाहून गेल्याचे पंचनामेही होऊ शकतात. एकाच महिन्यात अतिवृष्टी आणि दुबार पेरणी, आणि महिन्याची बेरीज मात्र शेजारच्या गावाएवढीच.

पसारा मोजायचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात सोपा, मोठ्यातून लहान वजा. आपल्या ११ वर्षांत ५१४ वजा १३२ म्हणजे ३८२. तो एक आकडा काढला तर २०४ वजा १३२, फक्त ७२. म्हणजे हा मार्ग फक्त दोन टोकांच्या भरवशावर चालतो, मधल्या ९ वर्षांना तो विचारतच नाही.

दुसरा, चतुर्थक. मध्यकाने यादीचे दोन भाग झाले ना, आता प्रत्येक भागाचा परत मध्यक काढा. खालच्या पाच आकड्यांचा मध्यक १५५, वरच्या पाचांचा १९०. यांच्यातलं अंतर ३५, आणि या ३५ मिमीच्या पट्ट्यात साधारण मधली अर्धी वर्षं येतात. ५१४ ने याला धक्काही लावला नाही. लहानात लहान, खालचा चतुर्थक, मध्यक, वरचा चतुर्थक आणि मोठ्यात मोठा, हे पाच आकडे मिळून बॉक्स प्लॉट बनतो, तोही टुकींचाच. एक पेटी १५५ पासून १९० पर्यंत, मध्ये १७१ वर रेघ, दोन्हीकडे टोकाच्या आकड्यांपर्यंत जाणाऱ्या रेघा, म्हणजे मिशा. तालुक्यातल्या दहा मंडळांची तुलना करायची असेल तर दहा हिस्टोग्रामपेक्षा दहा पेट्या शेजारी शेजारी कितीतरी लवकर वाचता येतात. फक्त एक लक्षात ठेवा, पेटीला दोन टेकड्या दिसत नाहीत, त्या तिच्या पोटात लपतात.

तिसरा मार्ग म्हणजे प्रमाण विचलन, स्टँडर्ड डेव्हिएशन. प्रत्येक वर्ष सरासरीपासून किती लांब आहे ते काढा, त्याचा वर्ग करा म्हणजे उणे चिन्हं जातात, सगळ्यांची बेरीज करून एकूण संख्येपेक्षा एकने कमी संख्येने भागा, आणि शेवटी वर्गमूळ घ्या म्हणजे उत्तर परत मिमीमध्ये येतं. आपल्या गावासाठी हे येतं साधारण १०६. ५१४ काढला तर येतं २१. बघा काय झालं, लांबीचा वर्ग केल्यामुळे लांबच्या आकड्याचं वजन भयंकर वाढतं, या बेरजेतला जवळपास ८८ टक्के हिस्सा एकट्या त्या वर्षाचा आहे. आणि पुस्तकात जो नियम असतो, की साधारण ९५ टक्के आकडे सरासरीच्या दोन विचलनं इकडे तिकडे असतात, तो इथे लावून बघा: २०० वजा २१२ म्हणजे उणे १२ मिमी पाऊस. पाऊस उणे पडत नाही. तो नियम घंटेच्या आकाराच्या, दोन्हीकडे सारख्या डेटासाठी आहे, म्हणून तर आधी चित्र काढायचं म्हटलं.

या विचलनावरून आपल्या महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या माणसांचा चांगला वाद झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांचं म्हणणं असं की सरासरी कॅलरीची गरज हीच जर कुपोषणाची सीमारेषा धरली तर धडधाकट माणसंसुद्धा मोठ्या संख्येने उपाशी ठरतील, कारण गरज माणसामाणसात आणि एकाच माणसात दिवसागणिकही बदलते, म्हणून रेषा सरासरीतून दोन विचलनं वजा करून आखा. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांनी, ज्यांनी १९७१ मध्ये नीलकंठ रथांबरोबर देशातल्या गरिबीचा अभ्यास मांडला होता, त्यांना हे मान्य नव्हतं. रेषा कुठे आखायची यावर देशात किती कोटी लोक उपाशी हे ठरणार होतं. ज्यांना वाटतं की पसारा मोजणं हे परीक्षेपुरतं असतं त्यांनी हा वाद जरूर वाचावा.

तो एकटा आकडा खरा का खोटा

५१४ चं काय करायचं? एक सोपी पट्टी अशी, की चतुर्थकांच्या अंतराची दीडपट घ्या, इथे ३५ ची दीडपट ५२.५, ती वरच्या चतुर्थकात मिळवा, २४२.५. याच्या वर जे असेल त्यावर खूण करा. खालून तसंच १०२.५. ५१४ वर खूण झाली, तो आउटलायर. पण खूण केली म्हणजे पुसून टाकायचा असं नाही, खूण केली म्हणजे चौकशी करायची. ५१.४ लिहिताना टिंब राहिलं का? पर्जन्यमापकातलं दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं का? शेजारच्या मंडळात त्या दिवसांत काय नोंद आहे?

कधीकधी चौकशीतून कळतं की आकडा शंभर टक्के खरा आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी नोंदला गेला. अख्ख्या जुलै महिन्यात तिथे सरासरी जेवढा पडतो त्यापेक्षाही जास्त. आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७४ च्या आसपास. एखाद्याने नुसती यादी बघून म्हटलं असतं की ९४४ ही टायपिंगची चूक आहे, एकाच शहरात एवढा फरक कसा असेल. पण ज्यांनी ती रात्र कुर्ला, कलिना, साकीनाक्यात काढली त्यांना विचारा. तो आकडा सरासरी बिघडवतो म्हणून काढून टाकला असता तर मिठी नदीसाठी आणि गटारांसाठी जो सगळ्यात महत्त्वाचा आकडा होता तोच गेला असता. चुकीचा सिद्ध झाला तर दुरुस्त करा, खरा असेल तर ठेवा, आणि त्याच्यासकट व त्याच्याशिवाय असे दोन्ही हिशोब दाखवा.

सरासरीपेक्षा कामाचा आकडा

ज्यांना पाण्याचं खरंच वाटप करायचं असतं ती माणसं सरासरीवर बसत नाहीत. पाटबंधारेवाल्यांचा शब्द आहे विश्वासार्हता. ७५ टक्के विश्वासार्ह पाणी म्हणजे दर चारपैकी तीन वर्षं निदान एवढं तरी येईलच असा आकडा. आता मागे जाऊन बघा, हा तर खालचा चतुर्थकच झाला. आपल्या नमुन्यात १५५. सरासरी २०० धरून पीक ठरवणारा ११ पैकी ९ वर्षं फसतो, १५५ धरून ठरवणारा फक्त दोन वर्षं.

कृष्णेच्या पाण्याचं भांडण याच आकड्यावर उभं आहे. राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेने नदीत २०६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी धरलं आणि तेवढं महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात वाटलं. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने नवी जलमालिका, म्हणजे नदीत वर्षावर्षाला किती पाणी आलं त्याची यादी, घेतली, ६५ टक्के विश्वासार्हतेला २२९३ आणि सरासरीला २५७८ टीएमसी आले. नदी एक, पण कुठली टक्केवारी घेता त्यावर शेकडो टीएमसी पाणी कागदावर येतं किंवा जातं, म्हणून राज्यांचे वकील वर्षानुवर्षं यावर भांडतात.

टक्केवारी बघताना शंभर कशाला म्हटलंय आणि शून्य कशाला म्हटलंय हे आधी विचारायचं. देशाच्या पावसाळ्यातल्या (जून ते सप्टेंबर) पावसाची सरासरी आधी ८८ सेंमी होती, १९६१ ते २०१० या वर्षांवरून काढलेली, आता ती १९७१ ते २०२० वरून ८७ सेंमी आहे, तेवढाच पाऊस आता थोडा जास्त टक्क्यांचा दिसतो. शून्याचं उत्तम उदाहरण म्हणजे उजनी धरण. बातमी येते की उजनी उणे ३० टक्के, बाहेरच्या माणसाला कळतच नाही की धरणात उणे पाणी कसं असेल. सोलापूर, इंदापूरच्या लोकांना माहीत असतं की उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास आहे, त्यातला तळाचा ६३ टीएमसीहून थोडा जास्त साठा म्हणजे मृतसाठा, आणि टक्केवारी फक्त वरच्या ५३-५४ टीएमसी उपयुक्त साठ्यावर मोजतात. म्हणजे शून्य टक्क्यालाही धरणात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. चित्रांमध्येही हीच तपासणी करा. खांबांचा आलेख शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, कारण आपण खांबाची लांबी बघतो. १६० पासून अक्ष सुरू केला तर १६८ आणि १८३ यांच्यात जवळजवळ तिपटीचा फरक दिसेल, प्रत्यक्षात तो ९ टक्के आहे. रेषेच्या आलेखाला ही सक्ती नाही, तिथे आपण चढउतार बघतो.

स्वतः करून बघायचं असेल तर कृषी विभागाच्या महारेन वेबसाइटवर मंडळनिहाय पाऊस मिळतो, आपल्या मंडळाचा घ्या आणि एक्सेलमध्ये टाका. ॲव्हरेज, मेडियन आणि क्वार्टाइल ही फंक्शन पुरेशी आहेत. वरची ११ वर्षं टाकून बघितलीत तर खालचा चतुर्थक १५५ ऐवजी १५७.५ येईल, घाबरू नका, चतुर्थक काढायच्या एकाहून जास्त पद्धती आहेत आणि एक्सेलची नेहमीची पद्धत दोन आकड्यांच्या मधलं घेते. स्टँडर्ड डेव्हिएशनचीही दोन फंक्शन आहेत, एक १०६ देईल आणि दुसरं १०१, दुसऱ्यात पूर्ण ११ ने भागतात. आणि एक गोष्ट नक्की तपासा, यंत्र बंद होतं म्हणून नोंदच नाही असे दिवस कोणते आणि खरोखर शून्य पाऊस पडला असे कोणते. रिकामा सेल एक्सेल सरासरीतून वगळतं पण तिथे कोणी ० भरून ठेवला असेल तर तो कोरडा दिवस म्हणून मोजला जातो, आणि ऐन पावसाळ्यात यंत्र आठवडाभर बंद असेल तर तुमचं मंडळ कागदावर सहज तुटीचं होतं.